आधी यादी, मग दिल्ली

पोरी, निगमाच्या नियोजन शाखेत रुजू झालीस, आता अधूनमधून दिल्लीहून नव्या योजनेचं परिपत्रक तुझ्या टेबलावर येईल. मुदत जवळची असेल आणि साहेब म्हणतील, संध्याकाळपर्यंत काहीतरी प्रस्ताव करून दे. त्या दिवशी विचार करायला बसलीस तर उशीर झालेला असेल. रायपूरला काय हवंय याची यादी परिपत्रक येण्याआधीच तयार पाहिजे. मला माझ्या वरिष्ठांनी हे सांगितलं होतं, म्हणून तुला सांगतोय.

यादी मोजणीतून निघते, आणि मोजायची ती माणसं. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणानं रस्त्याची जागा गाड्यांपेक्षा माणसांसाठी म्हटली आहे. तरी आपल्याकडच्या अहवालांत जयस्तंभ चौकातून किती मोटारी गेल्या एवढंच ठळक दिसतं. पायी किती गेले, सायकलवर किती, ई-रिक्षात दाटीवाटीनं किती, हे तू स्वतः उभी राहून लिही. आणि यादी जुनी होऊ देऊ नकोस. 2021 मध्ये बसस्टँड पंडरीहून भाटागावला गेलं. धमतरीकडून येणारा पेशंट भाटागावला उतरून मेकाहारा रुग्णालयात कसा पोचतो, त्याला किती पैसे पडतात, हा तुझ्या यादीतला वरचा प्रश्न असायला हवा. गरिबाच्या खिशातून जाणारं ते भाडं कुठल्याच नकाशावर उमटत नाही.

मग प्रत्येक कामापुढे लिही की रस्ता कोणाचा. टाटीबंधचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं बांधला, कारण चौक महामार्गावरचा. अशा कामाची फाइल निगमात फिरवून काही होत नाही. खासदारांमार्फत ती सरळ रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे गेली पाहिजे. रस्त्याकडेच्या धुळीचं काम वेगळ्या दारानं जातं. पंधराव्या वित्त आयोगानं दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना हवा स्वच्छ करण्यासाठी वेगळं अनुदान ठेवलं, त्यात रायपूर होतं. एकाच रस्त्याचे तीन तुकडे तीन खात्यांच्या पैशातून होऊ शकतात, फक्त कोणता तुकडा कुठे मागायचा ते आधी ठरलेलं हवं.

आपला वाटा किती, हे योजनेच्या पहिल्या पानावर शोध. 2005 साली जेएनएनयूआरएम ही केंद्राची शहरी योजना आली तेव्हा 2001 च्या जनगणनेप्रमाणे आपण दहा लाखांच्या आत होतो, म्हणून शंभरातले ऐंशी रुपये केंद्राचे, दहा राज्याचे, दहा निगमाचे. दहा ते चाळीस लाखांच्या शहरांना केंद्राकडून निम्मेच मिळायचे. 2011 ला आपण दहा लाख ओलांडले. शहर तेच, माणसं तीच, पण जनगणनेचा एक आकडा बदलला की पुढची गणितं बदलतात.

ई-बसचं उदाहरण नीट समजून घे, कारण ते तुझ्याच काळात चालणार आहे. पीएम ई-बस सेवा ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झाली, देशभरात दहा हजार बस, त्यातल्या शंभर रायपूरच्या वाट्याला. लोकांना वाटतं दिल्लीनं बस दिल्या. केंद्र खरं तर धावलेल्या किलोमीटरमागे पैसे देतं, बारा मीटरच्या बसला 24 रुपये, नऊ मीटरच्या बसला 22, तेही दहा वर्षंच. ठेकेदाराचा दर याहून जास्त असला तर वरचे पैसे तिकिटातून आणि राज्याच्या, निगमाच्या तिजोरीतून यायचे. म्हणून असा प्रस्ताव पाठवण्याआधी वित्त शाखेकडून दहा वर्षांचा आकडा लेखी घे. बस आणणं सोपं आहे, रोज पहाटे ती डेपोतून बाहेर काढणं कठीण आहे.

जमिनीचं मात्र मी पुन्हा पुन्हा सांगेन. तात्यापाऱ्यात वाढलीस, तुला वेगळं दाखवायला नको. जीई रोड दोन्ही बाजूंनी रुंद येतो आणि शारदा चौक ते तात्यापारा एवढ्या तुकड्यात बाटलीच्या मानेसारखा आवळतो. वर्षानुवर्षं रुंदीकरणाची चर्चा चालली, कारण दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्यांची दुकानं, आणि त्यांचा मोबदला कोणी द्यायचा हा प्रश्न. केंद्राच्या शहरी योजना सहसा जमिनीचे पैसे देत नाहीत. जेएनएनयूआरएममध्ये तर तसं स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हा ज्या कामाची जमीन हातात नाही ते कितीही गरजेचं असो, दिल्लीच्या यादीत वर घालू नकोस. ते राज्याच्या यादीत वर घाल आणि मोबदल्यासाठी भांड. त्या दुकानदारांशी तू स्वतः बोल. त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय नकाशावर लाल रेघ ओढणं मला कधीच पटलं नाही.

एका पक्षाच्या जोरावर काम पुढे नेऊ नकोस. शास्त्री चौकातला स्कायवॉक तू येता-जाता बघतेस. 2017 मध्ये काम सुरू झालं, 2018 च्या अखेरीस सरकार बदललं आणि लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षं तसाच राहिला. यादी सामान्य सभेत मांड, विरोधी पार्षदांच्या सूचना ठरावात येऊ दे.

वेळेचा हिशेबही लांबचा धर. नव्या रायपूरच्या बीआरटीएस या जलद बससेवेला जागतिक बँकेचा आधार होता. इंदूर, म्हैसूर आणि पिंपरी-चिंचवडही त्याच प्रकल्पात होते. बँकेची मंजुरी 2009 ची, बस धावली नोव्हेंबर 2016 मध्ये. आज मागितलेल्या कामाची गरज सात वर्षांनीही असेल का, हे विचारून मगच क्रमांक दे.

पैसा आला की तो हप्त्यानं येतो. जेएनएनयूआरएममध्ये पहिला हप्ता पंचवीस टक्के, आणि त्यातले सत्तर टक्के खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नसे. नव्या योजनांचे आकडे वेगळे असतील, पण प्रमाणपत्र अडलं की काम अडणार. त्यासाठी दर महिन्याला लेखा शाखेत जाऊन बस, मार्चची वाट बघू नकोस. आणि सही करण्याआधी साइटवर टेप घेऊन जा, जितकं झालंय तितकंच लिही.