घाट चढणारी स्कूटर आणि थकलेली बॅटरी

प्रश्न : माझी इलेक्ट्रिक स्कूटर दोन वर्षांची झाली. पूर्वी एका चार्जिंगमध्ये ९० किलोमीटर जायची, आता जेमतेम ७५. बॅटरी गेली का?
– एक वाचक, धारूर

उत्तर : गेली नाही, थकली आहे. क्षमता मूळच्या ७०-८० टक्क्यांवर आली की बॅटरी बदलायचा विचार करतात. आधी टायरमधली हवा बघा. कधी कधी खरा चोर तिथेच सापडतो.

लिथियम बॅटरीला सगळ्यात जास्त छळते ती उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात पूर्ण भरलेली गाडी दिवसभर पत्र्याखाली उभी राहिली की आतलं लिथियम इलेक्ट्रोडवरच्या थरात अडकत जातं आणि ते परत कामाला येत नाही. तेलगावकडून घाट चढून आलात तर लगेच प्लग लावू नका. चहा घ्या, बॅटरी निवू द्या. रोज २० ते ८० टक्क्यांत ठेवा. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे अधूनमधून पूर्ण भरा, नाहीतर टक्क्यांचा आकडा फसवतो. आणि घाट उतरायचा असेल तेव्हा शंभर टक्के भरून निघूच नका: ब्रेकमधून परत मिळणारी वीज साठवायला जागाच नसते.