दागिने तारण ठेवण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी करावयाची तयारी

खरीप हंगाम तोंडावर आला म्हणजे बियाणे, खते व मजुरी यांसाठी रोख पैशाची निकड भासते, आणि पुष्कळ शेतकरी कुटुंबांना घरातील सोन्याचा आधार घ्यावा लागतो. धान्य बाजारात नेताना शेतकरी ते उफणून, चाळून व मापून नेतो. दागिने मात्र बहुधा फडक्यात बांधून तसेच पेढीवर नेले जातात. आपल्या डागांत निव्वळ सोने किती, याची कल्पना नसली म्हणजे समोरचा सांगेल तो आकडा मान्य करणे भाग पडते. म्हणून मूल्यमापनाची तयारी घरीच करणे हिताचे होय.

प्रथम हे पाहावे

सोने काढण्यापूर्वी पीककर्जाची चौकशी करावी. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या कृषिकर्जास तारण न मागण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना दिल्या आहेत. तसेच घरातील स्त्रीचे दागिने हे तिचे स्त्रीधन असते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ नुसार अशा मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी आहे. सबब तिच्या संमतीवाचून डागास हात लावू नये.

वजन

तारणाच्या वेळी घडणावळ, खडे व मोती यांची किंमत धरली जात नाही. केवळ सोन्याची धरली जाते. बोरमाळ, ठुशी व कोल्हापुरी साज यांत लाख भरलेली असते, तर मंगळसूत्रात काळे मणी व दोरा असतो. हे वजन वजा होते. उदाहरणार्थ, बोरमाळेचे एकूण वजन २४ ग्रॅम असून लाख व दोरा मिळून ६ ग्रॅम असल्यास सोने १८ ग्रॅम राहते. ते २२ कॅरटचे असल्यास त्यात शुद्ध सोने साडेसोळा ग्रॅम असते. १४ कॅरटचे असल्यास केवळ साडेदहा ग्रॅम.

जुन्या याद्यांतील तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. आज बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. आजीच्या यादीतील पाच तोळ्यांच्या पाटल्या भरून सुमारे ५८.३ ग्रॅम भरावयास हव्यात. झिजेमुळे थोडी तूट येते, ती निराळी.

कस

डागावर ९१६ हा आकडा असल्यास सोने २२ कॅरटचे, ७५० असल्यास १८ कॅरटचे व ५८५ असल्यास १४ कॅरटचे समजावे. १ जुलै २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हासोबत अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा क्रमांक उमटविला जाऊ लागला. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळून पाहता येतो. केवळ सराफाचा स्वतःचा शिक्का हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. जानेवारी १९६३ मध्ये लागू झालेल्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली होती; ती १९६६ मध्ये उठली. त्या काळात घडविलेला डाग कमी कसाचा निघाल्यास नवल मानू नये. शंका असल्यास ब्यूरोच्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात शुल्क भरून कस पाहून घ्यावा.

स्वच्छता

कसोटीवरील रेघ व क्ष-किरण यंत्र ही दोन्ही मुख्यतः पृष्ठभागच दाखवितात. त्यामुळे डाग मळविरहित असावा. भरीव पाटल्या व बांगड्या कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून मऊ ब्रशने धुवाव्यात. लाखेचे व मोत्यांचे दागिने पाण्यात न बुडविता कोरड्या मऊ कापडाने पुसावेत. राख, वाळू वा तेजाब वापरू नये. दारोदार फिरून दागिने उजळून देणाऱ्यांच्या हाती डाग मुळीच देऊ नये. त्यांच्यातील लबाड लोक आम्लांच्या मिश्रणात सोने विरघळवून घेतात आणि डाग उजळ पण हलका होऊन परत येतो.

पेढीवर

१. प्रत्येक डागाचे नाव, एकूण वजन, खुणा व शक्य तर छायाचित्र यांची यादी करून न्यावी. खरेदीच्या पावत्या सोबत ठेवाव्यात.

२. वजन व तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जून २०२५ च्या निर्देशांत, कर्जदार उपस्थित असावा व वजावटीचे कारण त्यास समजावून सांगावे, असे म्हटले आहे.

३. एकूण वजन, निव्वळ वजन, कस व किंमत नमूद केलेला सहीचा दाखला घेतल्यावाचून डाग हातावेगळा करू नये.

४. विकावयाचे असल्यास दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. सोने आटवावयाचे ठरल्यास ते डोळ्यांसमोर आटवावे व आटविण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन लिहून घ्यावे.

५. सावकाराकडे जावयाचे झाल्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खालील परवाना पाहावा.

६. गरजेपुरतेच डाग ठेवावेत व परतफेडीची तारीख सुगीनंतरची मागावी. वरील निर्देशांनुसार पूर्ण फेडीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत तारण परत मिळावयास हवे. ऋणदात्याकडून विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई ठरविली आहे.

गहाण टाकलेला डाग सोडविता येतो, विकलेला परत येत नाही. यास्तव पिकाच्या उत्पन्नातून कर्ज फिटेल असा हिशेब जमत असेल तरच तारण ठेवावे, आणि तो हिशेब घरातील सर्वांनी मिळून आधी कागदावर मांडावा.