उपाशीपोटी म्हणजे रोजा नव्हे

माझं घर नोएडाला, नोकरी दक्षिण दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात. परदेशी रुग्णांच्या कक्षात मला नऊ वर्षं झाली. अरबी, दरी, रशियन बोलणारे दुभाषे आमच्या हाताशी असतात. फुलानीचा नसतो.

2025 च्या फेब्रुवारीत ईशान्य नायजेरियातल्या योलाजवळून एक आजी आल्या, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी. सोबत लेक आणि भाचा. तिघांची भाषा फुलानी. भाच्याला कामापुरतं इंग्रजी, मायलेकींना अजिबात नाही. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष थांबत नाहीत, म्हणून भाचा हौज राणीतल्या गेस्ट हाऊसवर झोपायला गेला. सिस्टरने सूचना दिली, ‘फास्टिंग फ्रॉम मिडनाइट’. ती मी जशीच्या तशी फोनवरच्या भाषांतरात टाकली आणि आलेला मजकूर लेकीला दाखवला. तिने तो आईला वाचून सांगितला. आजींनी मान डोलावली. मी निर्धास्त घरी गेले.

सकाळी कळलं, लेकीने साडेचारला उठून आजींना पेलाभर दूध आणि बिस्किटं दिली होती. फोनने ‘फास्टिंग’चा रोजा केला होता. रोजा धरायचा तर उजाडण्याआधी पोटात काहीतरी घालायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. रमजानही तोंडावर आलेला. तिने आईची काळजीच घेतली होती.

भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत शिरू शकतं. म्हणून दुधानंतर किमान सहा तास थांबावं लागतं, साध्या पाण्यानंतर दोन. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली. चूक माझी होती. उपास म्हटला की आपल्याकडेही दूध चालतंच. ‘उद्या उपास करा’ एवढंच सांगितलं असतं तर सोलापूरच्या माझ्या आईनेही सकाळी दूध घेतलं असतं. हे मला आदल्या रात्री सुचायला हवं होतं.

त्या दुपारी भाच्याला शेजारी बसवून मी फोनमधली जुनी वाक्यं एकेक करून दाखवली. ‘धन्यवाद’साठी फोनने ‘जारामा’ दिलं होतं. ते पश्चिमेकडचं, आम्ही ‘उसेको’ म्हणतो, असं तो म्हणाला. फुलानी सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरली आहे. सेनेगलात ती पुलार, योलाकडे फुलफुल्दे. 2024 च्या जूनमध्ये एका मोठ्या भाषांतर सेवेत 110 भाषा एकदम आल्या, त्यांत आपल्या तुळू आणि संथाळीबरोबर फुलानीही होती. यादीत नाव दिसलं की आपण विश्वास ठेवतो. समोरचं माणूस कुठल्या गावचं, हे मात्र त्या यादीला माहीत नसतं.

मग ‘वी’ आलं. ‘उद्या सहाला वी विल गो टु द ओटी’ असं मी लिहिलं होतं. फुलानीत ‘मिन’ म्हणजे आम्ही, तुम्हाला सोडून. ‘एन’ म्हणजे आपण, तुम्हालाही धरून. फोनने ‘एन’ दिलं होतं, आणि लेक आईबरोबर आत जायच्या तयारीने बसली होती. ऐकून मी गप्पच झाले. आम्ही आणि आपण हा भेद माझ्या भाषेत आहे, तिच्याही भाषेत आहे. मधल्या इंग्रजीत तो पुसला गेला. तेव्हापासून मी ‘वी’ लिहीतच नाही. कोण जाणार, ते नातं सांगून लिहिते: डॉक्टर आणि आई आत जातील, लेक बाहेर बसेल.

या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी सांगते, आधी इंग्रजी सोडवून घ्या. ‘फास्टिंग’ नको, ‘एम्प्टी स्टमक’ नको. अन्न नाही, दूध नाही, चहा नाही, पाणी नाही, असं एकेक नाव घ्या. एका वाक्यात एकच काम सांगा. आकडे अक्षरांत लिहू नका, घड्याळ दाखवा किंवा बोटं. फुलानीत आठ म्हणजे ‘जोवेतती’, पाच आणि तीन. शब्द अर्धवट ऐकू आला तर गोळ्यांची संख्या बदलते. उलट भाषांतर करून पाहायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका: त्या रात्री मी ते केलं असतं तरी ‘फास्टिंग’च परत आलं असतं.

संमतीपत्र मात्र फोनवर कधीच समजावू नका. तिथे माणूसच हवा. उत्तर नायजेरियातल्या फुलानी लोकांना बहुधा हौसा येते, म्हणून आधी हौसा बोलणारं कोणी मिळतं का ते पाहा. आम्हाला गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात मिळालं.

आणि मान डोलावण्याला होकार समजू नका. ‘पुलाकू’ म्हणजे फुलानी माणसाची रीत: दुखणं बोलून दाखवायचं नाही, भिडेने वागायचं, सोसायचं. समजलं नाही, हे आजी तोंडाने म्हणणारच नव्हत्या. म्हणून ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. ‘आज रात्री तुम्ही काय कराल?’ असं विचारायचं.

दुसऱ्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या त्या बाईंमार्फत मी आजींना हेच हौसात विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं. उशाशी पाण्याचा स्टीलचा पेला होता, त्यातलं पाणी पिऊन संपवलं, आणि भिंतीवरच्या घड्याळात बाराच्या आकड्याकडे बोट दाखवून तो पेला स्टुलावर उपडा घातला.