रोमचा एक दिवस

तुझ्या यादीत अकरा ठिकाणं आहेत आणि रोमचा दिवस एकच. आधी पेन घे आणि व्हॅटिकन व कोलोसियम ही दोन्ही नावं खोड. रागावू नकोस, कारण सांगते. व्हॅटिकनच्या संग्रहालयांना स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. सिस्टाइन चॅपल अगदी शेवटी येतं आणि तिथवर पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असतात. कोलोसियमचं तिकीट नावानिशी असतं, वेळ ठरलेली असते, दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. म्हणजे अख्खा दिवस त्या एका वेळेच्या मागेपुढे धावण्यात जातो. चार दिवस असते तर दोन्हीकडे मीच तुला आग्रहाने पाठवलं असतं. एका दिवसात मधलं जुनं रोम पायी बघावं आणि मन रमेल तिथे बसून राहावं. एकटीने जाण्याचं सुख तेच आहे बाळ, 'चला, उशीर होतोय' म्हणणारं सोबत कुणी नसतं.

बूट नवे घेऊ नकोस. तिथले रस्ते काळ्या दगडाच्या ठोकळ्यांचे आहेत, उंचसखल, आणि पाऊस पडला की निसरडे. पायाला सवयीचे झालेले बूट घाल. पिशवीत एक ओढणी असू दे. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आणि एक रिकामी बाटली घे. पाणी विकत घ्यायचं नाही, ते कसं हे पुढे सांगते.

सकाळी उजाडता उजाडता त्रेवीच्या कारंज्यापाशी पोच. नऊनंतर तिथे माणसांच्या पाठी बघाव्या लागतात. कारंजं 1762 साली पूर्ण झालं, पण पाण्याची कथा त्याहून फार जुनी आहे. अग्रिप्पा नावाच्या सेनापतीने इसवी सनापूर्वी 19 मध्ये या भागात जलवाहिनी आणली; तिचीच वाट पुन्हा पुन्हा दुरुस्त होत आजवर वापरात आहे. अग्रिप्पाचं नाव लक्षात ठेव, दुपारी पुन्हा भेटेल. नाणं टाकावंसं वाटलं तर खुशाल टाक. ती सगळी नाणी गोळा होऊन धर्मादाय कामाला जातात.

मग कॉफी. बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे देऊन पावती घ्यायची, ती काउंटरवर ठेवायची आणि उभ्यानेच प्यायची. टेबलाशी बसलीस की तीच कॉफी दुप्पट महाग पडू शकते, देखण्या चौकात तर त्याहूनही. काउंटरशी उभं राहणाऱ्या एकट्या बाईकडे तिथे कुणी वळूनही बघत नाही.

आता पाणी. रस्तोरस्ती कमरेएवढे लोखंडी खांब दिसतील, खाली वाकलेली एक नळी आणि तिच्यातून अखंड वाहणारी धार. त्यांना नासोने म्हणतात, शहरात असे दोन हजारांहून अधिक आहेत. पाणी पिण्याचंच असतं, गार आणि गोड. बाटली भरून घे. नुसतं प्यायचं असेल तर नळीचं तोंड खालून बोटाने दाबून धर. नळीच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यातून धार वर उडते आणि न वाकता पिता येतं. ओठ लावायची गरज नाही.

नऊ-साडेनऊनंतर दोन चर्च बघ. ही दोन्ही चुकवलीस तर मला वाईट वाटेल. नव्होना चौकाजवळच्या सान लुईजी देई फ्रान्चेझी चर्चमध्ये डावीकडच्या शेवटच्या कक्षात काराव्हाज्जोची तीन चित्रं आहेत, संत मॅथ्यूची. फुकट. तिथे अंधार असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो. म्हणून सुटे पैसे जवळ ठेव. डाव्या भिंतीवरच्या चित्रात पैसे मोजत बसलेल्या मंडळींवर उजवीकडून उजेड पडतो. मान वळवून बघ, उजवीकडे वेदी आहे आणि तिच्यावर खरी खिडकी. चित्रातला उजेड त्या खिडकीच्याच दिशेने आणलाय त्याने! हे कळलं की तिथून पाय निघत नाही.

दुसरं चर्च पाच मिनिटांवर, सांत आगोस्तिनो. आत शिरल्यावर डावीकडच्या पहिल्याच कक्षात त्याचं आणखी एक चित्र आहे. दाराच्या उंबऱ्यात मेरी बाळाला घेऊन उभी आणि समोर गुडघ्यांवर बसलेले दोन म्हातारे यात्रेकरू. पुरुषाचे तळवे थेट आपल्याकडे येतात, मळलेले, चालून चालून झिजलेले. पंढरीच्या वाटेवर आळंदीपासून चालत आलेल्या वारकऱ्याचे असतात ना, अगदी तसे. देवघरातल्या चित्रात असले पाय काढायला छाती लागते. त्या पायांसमोर हवा तितका वेळ उभी राहा.

चर्च दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात, ती तीन-चारनंतरच उघडतात. पँथेऑन हे प्राचीन रोमन देऊळ मात्र चालू असतं. 2023पासून तिथे तिकीट लागतं, ते आधीच काढ. दर्शनी भागावर अग्रिप्पाचं नाव कोरलेलं दिसेल, तोच आपला पाणीवाला. आज उभी असलेली वास्तू मात्र नंतर सम्राट हेड्रियनच्या काळात बांधली गेली. घुमटाचा व्यास 43.3 मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. काँक्रीटमध्ये लोखंडाची एक सळी नाही. वर जावं तसा घुमट पातळ होत जातो आणि काँक्रीटही हलकं होत जातं, वरच्या थरांत ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड घातलाय. माथ्यावर उघडं भोक आहे, पाऊस पडला की पाणी आत येतं. जमीन मध्ये किंचित फुगीर आहे आणि तिला बारीक छिद्रं आहेत, त्यांतून ते वाहून जातं. तू ऑक्टोबरात जातेस, तेव्हा उन्हाचा गोल ठसा जमिनीवर उतरत नाही, घुमटाच्या खणांवरूनच सरकतो. दुपारी एकच्या सुमारास तो दाराच्या बरोबर वर येतो. वीस मिनिटं एका जागी थांबलीस तर तो सरकलेला स्पष्ट कळतो.

जेवणाचं. तू मांसमच्छी खात नाहीस, म्हणून 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' पाठ कर, म्हणजे मांस नको, मासे नकोत. भोपळ्याच्या फुलांची भजी बघून हरखून जाशील, पण रोममध्ये त्यांत चीजबरोबर अँचोव्ही हा खारवलेला मासा भरतात. भाताचे तळलेले गोळे मिळतात, सुप्ली, त्यांतही बहुधा मांसाचा रस असतो. पेकोरिनो चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, ते चालत नसेल तर मारिनारा पिझ्झा घे: टोमॅटो, लसूण, तेल, चीज नाहीच. कापून वजनावर विकतात ते पिझ्झ्याचं दुकान सगळ्यात सोयीचं, किती हवा ते बोटाने दाखवायचं.

पैशांचं आणि पाकिटाचं भान ठेव. टर्मिनी स्टेशन, भरलेली मेट्रो आणि व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस पाकीटमारांसाठी बदनाम आहेत. पिशवी पुढे, पासपोर्ट आतल्या खिशात, त्याची प्रत खोलीवर. कुणी हातात दोरा बांधायला आलं, गुलाब पुढे केला, सही मागितली, तर न थांबता चालत राहा. मदत लागली तर 112.

दुपारी कापितोलिनो टेकडीवर जा. वरच्या महालाच्या बाजूच्या कठड्यावरून सगळं फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, खाली पसरलेलं दिसतं, तिकिटाशिवाय. पलीकडे कोलोसियमही दिसेल. मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकेच्या मोठाल्या कमानी शोध. त्यांच्याखाली मिऱ्यांची वखार होती, आणि मिरी जायची आपल्या मलबारातून. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडली, तीही याच समुद्री व्यापाराची खूण. परत आलीस की दोघी बघायला जाऊ.

तिथून चालत आव्हेंतीनो टेकडी. सांता साबिना चर्चचं पाचव्या शतकातलं लाकडी दार बघ आणि शेजारच्या संत्र्यांच्या बागेत पाचच्या आत पोच, बाग संध्याकाळी बंद होते. तिथूनच आईला फोन कर. तिथले पाच म्हणजे आपल्याकडे साडेआठ. हॉटेलवर जाऊन, जेवून करीन म्हणालीस तर इथे मध्यरात्र होते आणि ती तोवर डोळ्याला डोळा लावत नाही. अंधार पडायच्या आत टेकडी उतर. खाली चिर्को मास्सिमोचं मेट्रो स्टेशन आहे, दारात कार्ड टेकवलं की झालं.