फुकटचा कोर्स शेवटपर्यंत नेण्याची कृती

विद्यापीठांची व्याख्यानं इंटरनेटवर फुकट मिळतात, ही आता बातमी राहिलेली नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये आपल्या कोर्सचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करायचं जाहीर केलं. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीने मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केलं. ९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ आलं. म्हणजे व्याख्यान मिळण्याची अडचण कधीच संपली. अडचण आहे ती तिसऱ्या-चौथ्या व्याख्यानाच्या पुढे जाण्याची. पुढे न जाण्याचं मुख्य कारण एकच: आपण बघत बसतो, करत नाही. म्हणून या कृतीत बघण्यापेक्षा करण्यावर जास्त भर आहे. ती एका वेळी एकाच कोर्ससाठी आहे.

साहित्य

- दोनशे पानी वही एक, पेन, आणि गणित-विज्ञानाचा कोर्स असेल तर आलेखाचे थोडे कागद.
- मोबाइल आणि इअरफोन. प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर मात्र लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर हवाच. मोबाइलवर कोड लिहिणं ही शिक्षा आहे.
- आठवड्याचे सहा तास. निम्मे ऐकण्यासाठी, निम्मे गृहपाठासाठी.
- घरच्यांना सांगून ठेवलेली ठराविक वेळ. न सांगता ठरवलेल्या वेळेत हमखास गॅसवाला येतो.

कृती

१. कशासाठी शिकायचंय ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. एकच वाक्य पुरे. ‘डिग्रीला क्रेडिट हवेत’, ‘ऑफिसात डेटाचं काम अंगावर पडलंय’ किंवा ‘बारावीनंतर अर्थशास्त्र सुटलं, ते राहून गेलंय’. या वाक्यावरूनच पुढची जागा ठरते. ‘एआय शिकायचंय’ हे वाक्य चालणार नाही. त्यातून कोणता कोर्स घ्यायचा ते कळत नाही.

२. जागा निवडा.

*क्रेडिट किंवा सर्टिफिकेट हवं असेल तर* स्वयम् आणि त्यावरचे एनपीटीईएलचे कोर्स. ते जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत, ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे चालतात. नावनोंदणी फुकट. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून करता येतात, पण कोणता कोर्स मान्य करायचा ते तुमचं विद्यापीठ ठरवतं. त्यामुळे आधी विभागात जाऊन विचारा आणि होकार लेखी घ्या. सत्र संपल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

*विषय मुळापासून समजून घ्यायचा असेल तर* एमआयटी ओपनकोर्सवेअर. इथे नाव नोंदवावं लागत नाही, लॉगिन नाही, सर्टिफिकेटही नाही. अडीच हजारांहून जास्त कोर्सचं साहित्य पडलंय. मानव्यविद्या आणि अर्थशास्त्रासाठी येल विद्यापीठाचे ‘ओपन येल कोर्सेस’ बघा. त्यात प्रत्येक व्याख्यानाचा व्हिडिओ, नुसता आवाज आणि लिखित मजकूर असं तिन्ही मिळतं.

*प्रोग्रॅमिंगचा श्रीगणेशा करायचा असेल तर* हार्वर्डचा ‘सीएस५०’. डेव्हिड मालन शिकवतात, सुरुवात लहान मुलांच्या ‘स्क्रॅच’पासून होते आणि दोन-तीन आठवड्यांत सी भाषेत घाम फुटतो. गृहपाठ कॉम्प्युटरच तपासतो.

कोर्सेरा आणि एडेक्सवरही मोठ्या विद्यापीठांचे कोर्स आहेत, पण तिथे फुकट काय आणि विकत काय याची सीमारेषा कोर्सागणिक बदलते. गृहपाठाला बहुधा कुलूप असतं. फुकट चाचणीसाठी कार्डाचा नंबर मागितला तर पान बंद करा. मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात.

३. नाव नोंदवण्याआधी कोर्सची परीक्षा तुम्ही घ्या. अर्धा तास द्या आणि तीन गोष्टी बघा. पहिली, आधी काय यायला हवं. हे अभ्यासक्रमाच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. दुसरी, गृहपाठ आहे का आणि त्याची उत्तरं दिलीत का. एकट्याने शिकणाऱ्याला उत्तरं लागतातच. तिसरी, मधलं एखादं, समजा सातवं व्याख्यान दहा मिनिटं ऐका. पहिलं व्याख्यान सगळ्यांचंच छान असतं. सातव्यात शिक्षक कसा आहे ते कळतं. आवाज, फळा किंवा उच्चार झेपत नसेल तर त्याच विषयाचा दुसरा कोर्स शोधा. नाव मोठं आहे म्हणून सहन करू नका.

४. साहित्य उतरवून घ्या. एमआयटीचं साहित्य डाउनलोड करता येतं, एनपीटीईएलचे व्हिडिओही उतरवता येतात. जिथे वायफाय मिळेल तिथे आठवड्याचं एकदम घ्या. व्हिडिओ ३६० वर ठेवला तरी फळ्यावरची अक्षरं वाचता येतात आणि डेटा वाचतो. नेटच धड नसेल तर ‘स्वयम् प्रभा’ हे शैक्षणिक वाहिन्यांचं जाळं आहे. डीडी फ्री डिशवर दिसतं, आणि एकच व्याख्यान दिवसातून अनेकदा दाखवतात, त्यामुळे रात्रपाळीवाल्यालाही सापडतं. उतरवण्याचा एक धोका आहे: साठवलं म्हणजे शिकलो असं वाटू लागतं. पुढच्या आठवड्याचं आत्ता उतरवू नका.

५. वार ठरवा. एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सला एकूण सुमारे ३० तासांची व्याख्यानं असतात, म्हणजे आठवड्याला अडीच तास. सोमवार-बुधवार ऐकणं, शनिवारी सकाळी गृहपाठ, रविवार राहिलेल्यासाठी. एमआयटी-येलच्या कोर्सला मागे लागणारं कुणी नसतं, म्हणून शेवटची तारीख स्वतःच ठरवा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. गणपती, दिवाळी आणि घरातलं लग्न आधीच वजा करा.

६. पेन हातात धरून ऐका, आणि उत्तर येण्याआधी थांबवा. ही या कृतीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. येलमधल्या बेन पोलाक यांचा ‘गेम थिअरी’ हा २४ व्याख्यानांचा कोर्स घ्या. पहिल्याच तासाला ते वर्गात एक कागद वाटतात: अल्फा किंवा बीटा, एक निवडा. तुमची जोडी वर्गातल्या कुणाशी तरी लागेल, कुणाशी ते कळणार नाही. तुम्ही अल्फा आणि त्याने बीटा लिहिलं तर तुम्हाला ए, त्याला सी. दोघांनी अल्फा लिहिलं तर दोघांना बी उणे. दोघांनी बीटा लिहिलं तर दोघांना बी अधिक.

इथे व्हिडिओ थांबवा. वहीत आपलं उत्तर लिहा, खाली कारण लिहा. मग चौकट आखून चारही शक्यता मांडा. समोरच्याने काहीही लिहिलं तरी अल्फाच फायद्याचं, हे तुमचं तुम्हाला दिसेल. आणि तरीही दोघं अल्फा लिहून बसले तर दोघंही तोट्यात, हेही दिसेल. आता व्हिडिओ पुढे चालू करा. पोलाक पुढे जे सांगतात ते डोक्यात बसतं, कारण तुम्ही आधी स्वतः चुकलेले किंवा बरोबर आलेले असता. न थांबवता बघणाऱ्याला हेच व्याख्यान नुसतं मजेदार वाटतं आणि दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

शब्दन् शब्द उतरवून घेऊ नका. लिखित मजकूर तिथे असतोच. पानावर तीनच गोष्टी हव्यात: प्रश्न, तुमचं उत्तर, आणि शिक्षकाने त्यात काय दुरुस्त केलं.

७. गृहपाठ कागदावर करा. गिल्बर्ट स्ट्रँग यांचा एमआयटीतला रेषीय बीजगणिताचा कोर्स जगभर पाहिला गेला. त्याची सुरुवात शाळेतल्याच दोन समीकरणांनी होते: २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. शाळेत आपण दोन रेषा काढायचो, त्या (१, २) ला छेदायच्या, संपलं. स्ट्रँग तीच समीकरणं उभी वाचतात: (२, −१) हा एक स्तंभ, (−१, २) हा दुसरा, पहिला किती वेळा आणि दुसरा किती वेळा घेतला म्हणजे (०, ३) येईल? आलेखाच्या कागदावर काढा. शून्यापासून (२, −१) पर्यंत एक बाण. त्याच्या टोकापासून (−१, २) चा बाण लागोपाठ दोनदा. टोक (१, १) वरून (०, ३) ला जाऊन थांबतं. एकदा आणि दोनदा: तेच उत्तर, पण वाट निराळी. हा बाण हाताने काढला नाही तर पुढचा अर्धा कोर्स डोक्यावरून जातो.

प्रत्येक गणिताला वीस मिनिटं द्या, मगच उत्तर बघा. उत्तर बघून ‘हां, हे येतच होतं’ असं वाटलं, तर पान झाकून परत सोडवा.

८. इंग्रजी आड येत असेल तर वेग पाऊणपट करा आणि सबटायटल लावा. आधी मजकूर वाचायचा, मग ऐकायचं, असा उलटा क्रमही चालतो. एनपीटीईएलच्या बऱ्याच कोर्सचा मजकूर मराठीत भाषांतरित झालाय. लिब्रेऑफिस, पायथन यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर शिकायची असतील तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’वर दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठी आवाजात आहेत. अर्ध्या स्क्रीनवर पाठ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर ठेवा. त्यांनी केलं की थांबवून आपण करायचं.

९. एक सोबती गाठा. तो तोच कोर्स करणारा असला तर उत्तम, नसला तरी चालेल. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं त्याला समजावून सांगा, मराठीतून. जिथे तुम्ही ‘म्हणजे ते असं काहीतरी असतं’ म्हणाल, तिथे परत जा. कोचिंग क्लाससारखे पन्नास जणांचे व्हॉट्सॲप ग्रुप मात्र टाळा. तिथे पीडीएफ फिरतात, अभ्यास होत नाही.

१०. परीक्षा द्या. एनपीटीईएलची परीक्षा ऐच्छिक आहे, पण ती केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते. फुकटपणा इथे संपतो: कोर्समागे शुल्क आहे आणि त्याची नोंदणी कोर्सच्या नोंदणीहून वेगळी. दोन्हींच्या तारखा लिहून ठेवा. निकालात असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, म्हणजे एखादी हुकली तर कोर्स सोडून देण्याचं कारण नाही. मात्र मुदतीनंतर आलेली असाइनमेंट घेत नाहीत.

एमआयटी-येलच्या बऱ्याच कोर्सबरोबर जुने पेपर असतात. घड्याळ लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, पेपर सोडवा आणि उत्तरपत्रिकेवरून लाल पेनाने तपासा.

टीप

- दोन आठवडे बुडाले तर पहिल्यापासून सुरू करू नका. जिथे होता तिथूनच पुढे चला. मागचं रविवारी भरून काढा.
- तीन आठवडे मनापासून करून कोर्स पटला नाही तर खुशाल सोडा. पण सोडल्याची तारीख आणि कारण वहीत लिहा. पुढचा कोर्स निवडताना ते पान उपयोगी पडतं.
- सर्टिफिकेटपेक्षा भरलेली वही जपून ठेवा. मुलाखतीत ‘काय शिकलात?’ असं विचारलं की उत्तर त्या वहीतून येतं.

एका वर्षात असे दोन कोर्स नीट झाले तरी पुष्कळ आहेत. दहा कोर्सला नाव नोंदवून एकही पुरा न करणाऱ्यापेक्षा एकाच कोर्सचा सगळा गृहपाठ करणारा जास्त शिकतो. तेव्हा आज कोर्स शोधत बसू नका. वहीच्या पहिल्या पानावरचं ते एक वाक्य तेवढं लिहा.