जोडीतल्या दुनळींची नक्षी वेगळी का?

प्रश्न : पणजोबांच्या लंडनच्या पर्डी दुनळी बंदुकांची जोडी आमच्याकडे परवान्यावर आहे. सोन्याचे 1 आणि 2 हे आकडे आहेत, पण वेलबुट्टी तंतोतंत जुळत नाही. एक बनावट असेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. पर्डीची ओळखीची नक्षी म्हणजे बारीक वेलींत गुंफलेले गुलाबाचे गुच्छ. हॉलंड अँड हॉलंड या दुसऱ्या बंदूक कंपनीच्या ‘रॉयल’ बंदुकीवर पानं मोठी, ठसठशीत असतात. दोन्हीकडे काम हातानं, कोरणीनं. म्हणून एकाच आराखड्यातल्या दोन वेलींची वळणं थोडी वेगळी पडतातच. मला तर त्यातच कारागीर दिसतो.

खरी परीक्षा भिंगाखाली. स्क्रूच्या माथ्यावरची रेघ शेजारच्या पट्टीवर अखंड जाते का? सगळ्या खाचा नळीच्या दिशेनं आहेत का? पोलाद झिजून गुळगुळीत झालंय, पण रेघांच्या कडा बोटाला टोचतात, तर नक्षी नंतर पुन्हा कोरलेली समजा. संग्राहक त्याची किंमत कमी धरतात. दोन्ही बंदुकांचे अनुक्रमांकही पाहा. जोडीचे बहुधा लागोपाठ असतात.

आणि कळकळीची विनंती, पॉलिश करू नका. ती बारीक वेल एकदा घासली गेली की परत येत नाही.