पोट आत ओढून घेर मोजू नका

“डॉक्टर, मोबाईलवर बीएमआय काढला, नॉर्मल आहे.” मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात चाळिशीतले पुरुष हे मोठ्या समाधानानं सांगतात. मग सुटलेल्या पोटावर हात फिरवत पुढचं वाक्य: “एवढं पोट वयानं सुटतंच.” नाही हो, सुटत नाही. आपण सुटू देतो.

आधी हिशेब नीट करा. वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. उंचीला उंचीनं गुणा आणि त्या आकड्यानं वजनाला भागा. इथंच पहिली चूक होते. पाच फूट सहा इंच म्हणजे 5.6 फूट नव्हे, साडेपाच फूट. तसं भरलंत तर तुमची उंची तीन सेंटिमीटरनं वाढते आणि बीएमआय फुकटात उतरतो.

मागे एक बँकेतले गृहस्थ आले. उंची 168 सेंटिमीटर, वजन 70 किलो, बीएमआय 24.8. जागतिक तक्त्यात 25 च्या आत, म्हणून स्वारी खूश. पण भारतीयांसाठी 23 पासूनच वजन जास्त धरतात आणि 25 पासून लठ्ठपणा. पोटाचा घेर भरला 96 सेंटिमीटर. तपासणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. “पण मी तर बारीक आहे!” हातपाय बारीक होते, हे खरं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. जिममध्ये कमावलेल्या शरीरालाही तो उगाच लठ्ठ ठरवतो.

म्हणून सोबत फीत हवीच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांत 90 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. “माझी पँट 34 चीच आहे” हा पुरावा चालणार नाही. पट्टा पोटाच्या खाली बांधला की नंबर कधीच वाढत नाही.

आता घाबरून स्टेशनबाहेरच्या ‘महिन्यात दहा किलो’वाल्या पावडरी घेऊ नका. वजन उतरवायला थायरॉईडच्या गोळ्या खाणारेही मी पाहिलेत. त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात. वजन पाच टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाबाला फायदा होतो. सत्तर किलोच्या माणसाला हे साडेतीन किलो होतात. रोज अर्धा तास भरभर चाला, भात-पोळी मोजून घ्या, संध्याकाळचा वडापाव रोजचा नको. हे जमतं.

मात्र मान-काखेची कातडी काळी, जाडसर झाली, रात्री घोरून दिवसा पेंग येते, सारखी तहान आणि लघवी लागते, तर तपासणी लांबवू नका. रेल्वेचा पूल चढताना छाती दाबल्यासारखी झाली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर लगेच दाखवा. छातीतलं दुखणं थांबत नसेल, घाम फुटत असेल, तर ‘गॅस’ म्हणून सोडा पीत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

बाकीच्यांनी आज रात्री फीत काढावी. घेर नव्वदच्या वर भरला तर याच आठवड्यात उपाशीपोटी रक्त तपासा. आणि मोजताना पोट आत ओढू नका. फीत फसेल, साखर फसत नाही.